रोप कुठल्या झाडाचं? रानातल्या झाडांचं जनुकशास्त्र आणि आपली वृक्षलागवड

रानवाट · ५ जुलै, रात्री ९.४०

मंडळी, पाऊस धरला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रोपं वाटायचा हंगाम सुरू होतो. पंचायत, शाळा, मंडळं, सगळेच वाटतात. यंदा वाड्यावर आलेली किंदळ, ऐन आणि जांभळाची रोपं घाटापलीकडच्या एका रोपवाटिकेतली होती. बी कुठलं, असं विचारलं. टेंपोवाल्याला माहीत नव्हतं, वाटणाऱ्यांनाही नव्हतं. किती रोपं लावली तो आकडा मात्र फलकावर ठळक होता.

माझं म्हणणं असं, की रोपाची नुसती जात सांगून भागत नाही. बी कुठल्या रानातलं आणि किती वेगवेगळ्या झाडांखालून वेचलेलं, हेही सांगायला हवं. ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्समध्ये व्हिल्मोरँ नावाच्या गृहस्थांनी १८२०च्या दशकात आपल्या जमिनीत युरोपच्या निरनिराळ्या भागांतल्या स्कॉट्स पाइनचं बी शेजारी शेजारी लावून पाहिलं. जात एक, माती एक, पाऊस एक, तरी झाडं वेगवेगळी वाढली. कुठलं सरळ, कुठलं वाकडं. आपल्याकडे हॅरी चॅम्पियन यांनी, म्हणजे भारतीय वनांचं १९३६चं वर्गीकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्यांनीच, १९३३ साली बियाण्याच्या मूळ ठिकाणाला वनशास्त्रात किती महत्त्व आहे यावर लिहिलं होतं. सागाचं निरनिराळ्या प्रांतांतलं बी लावून बघायचे प्रयोगही त्याच सुमाराला सुरू झाले. नव्वद वर्षं झाली की या गोष्टीला!

पुढे या विषयाचं पॉप्युलेशन जेनेटिक्स झालं. एका जातीच्या झाडांच्या समूहात जनुकांची कुठली रूपं किती प्रमाणात आहेत आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलतात, याचा अभ्यास. मी शिक्षक होतो, संशोधक नाही. इथे या विषयातले लोक आहेत म्हणून विचारतो. एवढ्या वर्षांच्या संशोधनातून आपल्या लागवडीसाठी नेमकं काय हाती लागतं? घाटापलीकडचा ऐन आणि आमचा ऐन यांत खरंच फरक पडतो का?

---

मांडवीकाठ · ५ जुलै, रात्री १०.०५

सर, विषय फार जवळचा. वाचत राहणार.

---

डिचोलीकर · ५ जुलै, रात्री १०.३१

रानवाट सर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. आमच्याकडे खाणींच्या डंपांवर जे जगलं ते लावलं गेलं. ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला म्हणून माती तरी धरून राहिली, नाहीतर पहिल्याच पावसात सगळा लाल चिखल शेतांत. अशा जागी बी कुठल्या रानातलं हे विचारत बसलो तर लावणार कधी? आधी हिरवं होऊ द्या.

---

चोर्ला_घाट · ६ जुलै, सकाळी ७.१५

@डिचोलीकर, गंमत अशी की मूळ ठिकाणाचा मुद्दा त्या अकेशियालाही लागू पडतो. हे झाड मूळचं उत्तर ऑस्ट्रेलियाचा नॉर्दर्न टेरिटरी, क्वीन्सलँड आणि पापुआ न्यू गिनी या भागांतलं. तिन्हीकडच्या झाडांत जनुकीय फरक आहे, वाढीत आणि खोडाच्या सरळपणातही आहे. म्हणजे परकं झाड लावायचं ठरवलं तरी 'कुठलं बी' हा प्रश्न सुटत नाही.

---

बीजांकुर · ६ जुलै, दुपारी १.२०

मी मूळची माशेलची, सध्या बंगळूरला याच क्षेत्रात काम करते. सरांनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाया १९०८चा. हार्डी हे इंग्लंडमधले गणिती (रामानुजनांना बोलावून घेणारे तेच) आणि वाइनबर्ग हे जर्मन डॉक्टर. दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मुक्त संकर होत असेल आणि नैसर्गिक निवड, स्थलांतर वगैरे काही घडत नसेल, तर जनुकांच्या रूपांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. त्यावर फिशर, हॉल्डेन आणि सूअल राइट यांनी गणिताची इमारत उभी केली. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, आधी कोलकात्याला आणि मग भुवनेश्वरला राहिले, १९६४ साली तिथेच वारले. राइट यांनी १९४३ साली मांडलं की अंतर वाढत जातं तसं समूहांमधलं नातं पातळ होत जातं. समूहांतला फरक मोजायची त्यांची पद्धत आम्ही आजही वापरतो.

पण झाडांवर हे सगळं तपासायचं कसं? माशी दोन आठवड्यांत नवी पिढी देते, ऐन कित्येक वर्षं घेतो. कोंडी फुटली ती १९६६ साली. लेवॉन्टिन आणि हबी यांनी फळमाशीतली प्रथिनं जेलवर, म्हणजे चिकट, घट्ट थरावर, विजेच्या प्रवाहात पळवली आणि एकाच प्रथिनाची वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या अंतरावर थांबतात हे दाखवलं. आता पिढ्यांची वाट बघायला नको होती, झाडाचं पान किंवा बी पुरत होतं. १९७०च्या दशकात वनसंशोधकांनी हे तंत्र उचललं. पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांत तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. त्यांच्या बियांतला पोषक गर फक्त आईकडून येतो आणि त्यात जनुकांचा एकच संच असतो. तो गर आणि गर्भ वेगवेगळे तपासले की आईने काय दिलं आणि परागातून काय आलं ते वेगळं करता येतं. सुरुवातीचं बरंचसं काम सूचिपर्णी झाडांवर झालं त्याचं हे एक मोठं कारण.

त्यातून जे दिसलं त्याने सगळे चकित झाले. हॅमरिक आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र केले. दीर्घायुषी झाडांत एकूण जनुकीय विविधतेपैकी सरासरी सुमारे ८ टक्केच समूहासमूहांत विभागलेली निघाली, बाकी सगळी प्रत्येक समूहाच्या आतच. एकाच वर्षात उगवून मरणाऱ्या वनस्पतींत हा आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. झाडं जास्त जगतात, त्यांचे पराग लांब जातात, आणि बहुतेक झाडं परक्या परागावरच फळतात, म्हणून हे असं.

अपवादही बोलके आहेत. कॅलिफोर्नियातला टॉरी पाइन फक्त दोन ठिकाणी उगवतो. १९८३ साली तपासलं तेव्हा प्रत्येक ठिकाणची सगळी झाडं त्या चाचण्यांत एकसारखी निघाली. जो काही फरक होता तो त्या दोन ठिकाणांमध्ये.

पुढचं रात्री लिहिते, मीटिंग आहे.

---

पणजीतला_अभियंता · ६ जुलै, दुपारी २.०२

बीजांकुर यांचे आभार, फार स्पष्ट लिहिलंय. पण मग यातून सरांच्या उलटच निष्कर्ष निघतो. ९० टक्क्यांहून जास्त विविधता प्रत्येक समूहाच्या आतच असेल, तर बेळगावच्या रानातून बी आणा नाहीतर सत्तरीतून, जवळपास सगळं सारखंच येणार. घाटापलीकडच्या रोपांत चूक काय?

---

मांडवीकाठ · ६ जुलै, दुपारी २.४०

हाच प्रश्न माझ्याही मनात आला. शिवाय सूचिपर्णी झाडं आपल्याकडे नाहीतच. पाइनमध्ये वारा पराग नेतो. आपल्या रानात एका जातीचं झाड इथे, तर दुसरं टेकडीपल्याड. ती एकमेकांपर्यंत पोचतात कशी?

---

बीजांकुर · ६ जुलै, रात्री ९.५०

मांडवीकाठताई, तुमचाच प्रश्न १९५०-६०च्या दशकांत मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना पडला होता. उष्ण प्रदेशातल्या रानात एका जातीची झाडं इतकी विखुरलेली, तर ती स्वतःच्याच परागावर फळत असणार, असं बऱ्याच जणांना वाटायचं. कमलजित बावा मूळचे पंजाबचे, १९७०च्या दशकात कोस्टा रिकात काम करत होते. त्यांनी फुलं जाळीच्या पिशव्यांत झाकून हाताने परागीभवन केलं. बहुसंख्य जातींनी स्वतःचा पराग नाकारला. १९७४ साली हे छापून आलं आणि जुनं मत मागे पडलं. याच बावांनी पुढे १९९६ साली बंगळूरला अशोका ट्रस्ट, म्हणजे 'एट्री' ही पर्यावरण-संशोधन संस्था, सुरू केली.

मग परागाने किती अंतर कापलं तेही मोजता आलं, कारण डीएनएच्या खुणांवरून बियांचा बाप शोधता येऊ लागला. सगळ्यात थक्क करणारे आकडे उंबराच्या कुळातले आहेत. नामिबियाच्या वाळवंटातल्या एका जातीत २००९ साली १६० किलोमीटर दूरच्या झाडांमध्ये परागांची देवाणघेवाण सापडली. मिलिमीटरभर चिलटाएवढ्या कीटकाने वाऱ्यावर स्वार होऊन हे केलं! ब्राझीलमध्ये मनाउसजवळ कुरणांत एकट्या उरलेल्या प्रचंड वृक्षांचे पराग बाहेरून आलेल्या आफ्रिकन मधमाश्यांनी किलोमीटरच्या किलोमीटर नेल्याचं दिसलं. म्हणजे एकटं दिसणारं झाड एकटं असेलच असं नाही.

आता @पणजीतला_अभियंता. तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, आणि आमच्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा गैरसमजही इथेच होतो. ती प्रथिनं किंवा डीएनएच्या खुणा बहुतेक उदासीन असतात. झाड जगतं की मरतं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. त्या सांगतात की समूहांत परागांची ये-जा आहे. ठिकाणाशी जुळवून घेणारी जनुकं वेगळी. फिनलंडमधला स्कॉट्स पाइन घ्या. उदासीन खुणांत उत्तर-दक्षिण फरक जवळजवळ शून्य. पण दोन्हीकडचं बी एकाच वाफ्यात पेरलं, तर उत्तरेकडची रोपं कित्येक आठवडे आधी वाढ थांबवून कळ्या मिटवतात, कारण त्यांच्याकडे हिवाळा लवकर येतो. निवडीचा जोर मोठा असेल, तर पराग मिसळत असूनही हा फरक टिकतो. व्हिल्मोरँनी शेजारी शेजारी लावून जे पाहिलं ते जेलवर दिसलं नसतं. म्हणून आम्हाला दोन्ही लागतं, प्रयोगशाळा आणि लागवडीचा वाफा.

---

चोर्ला_घाट · ६ जुलै, रात्री १०.२२

याला जोडून. सत्तरीतल्या वाळपईला वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस, धारवाडला ८००च्या आसपास. दोन्हींमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही धड नाहीत. ऐन दोन्हीकडच्या रानांत आहे. जांभ्या दगडावर चार महिने पाणी साचू देणारा ऐन आणि तिकडचा सात-आठ महिने कोरडं सोसणारा ऐन, दोघांवर पिढ्यान्‌पिढ्या निवडीचा दाब वेगळा. अभियंता साहेब, फिनलंडच्या उत्तर-दक्षिणेपेक्षा हा फरक लहान म्हणता येईल का?

---

पणजीतला_अभियंता · ६ जुलै, रात्री १०.४०

पटलं. तरी ऐनाचे दोन्हीकडचे वाफे शेजारी शेजारी लावून कोणी पाहिल्याशिवाय मी पैज लावणार नाही. :)

---

चोर्ला_घाट · ६ जुलै, रात्री १०.४४

मग लावूया की! जागा माझी.

---

नारळीपौर्णिमा · ७ जुलै, सकाळी ८.३०

रानातल्या झाडांत माड कसा घुसवायचा याचा विचार करत होते, पण राहवत नाही. २०११ साली जगभरातल्या १३००हून जास्त माडांचा डीएनए तपासून दोन मोठे गट निघाले, एक पॅसिफिकचा आणि एक हिंदी महासागराचा. अटलांटिक किनाऱ्यावरचे माड या दुसऱ्या गटातले, कारण पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातून नारळ केप व्हर्दला नेले आणि तिथून ते पुढे कॅरिबियनला गेले. म्हणजे कॅरिबियन बेटांवरचा माड आपल्या बाणावलीच्या माडाचा लांबचा नातेवाईक!

---

डिचोलीकर · ७ जुलै, सकाळी ९.०२

आणि परतीच्या गलबतात काजू. त्यांनी आमचा नारळ नेला, आम्हाला काजूच्या रसाचा हुर्राक दिला. व्यवहार वाईट नाही झाला.

---

बीजांकुर · ७ जुलै, सकाळी ९.४५

काजूचं उदाहरण विषयाला धरूनच आहे. सोळाव्या शतकात ब्राझीलहून आलेलं बी म्हणजे तिथल्या एकूण विविधतेचा एक छोटा तुकडा. मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या समूहात काही रूपं कायमची गळून पडतात, काही योगायोगानेच वाढतात. नवीन रोग आला आणि त्याला तोंड देणारं रूप मुळात त्या मुठीत नसेल, तर इथे कितीही झाडं असली तरी ते सापडणार नाही.

मानकुराद आंब्याचं याहून टोकाचं. कलमं बांधून वाढवलेली झाडं जनुकांनी एकच. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण त्यासोबत बांधावरचे रायवळ आंबे तोडले जातायत त्याचं मला जास्त वाईट वाटतं. नवं काही घडायचं तर ते रायवळच्या कोयीतून घडणार.

---

भिरंडसोल · ७ जुलै, सकाळी ११.१०

काणकोणहून. आमच्या भिरंडांचं सांगते. कोकमाच्या बिया लावल्या की सहा-सात वर्षांनी फुलं आल्यावर कळतं नर की मादी. निम्म्याच्या आसपास नर निघतात, मग लोक ते तोडतात आणि पुढच्या खेपेला कलमं आणतात. दापोलीच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती चांगल्याच आहेत, उत्पन्न येतं, त्यावर टीका नाही. पण सासूबाई म्हणायच्या की प्रत्येक घरच्या भिरंडाची सोलं चवीने वेगळी. ती चव आता गावात दोन-तीन प्रकारांवर आली आहे. नर झाडं सगळी तोडली तर पुढच्या बियांचं काय होणार, कोणी सांगेल का?

---

बीजांकुर · ७ जुलै, दुपारी १२.०५

भिरंडसोलताई, फार मोलाचं निरीक्षण आहे. नर कमी झाले की सगळ्या बियांचे बाप म्हणजे तीच दोन-चार झाडं. मोजायला झाडं शंभर दिसली तरी पुढच्या पिढीत जनुकं पोचवणारी त्याहून खूप कमी. राइट यांनी यासाठी समूहाचा 'परिणामकारक आकार' ही कल्पना मांडली. नव्वद माद्या आणि दहा नर असतील तर तो आकार शंभर नाही, छत्तीस येतो. म्हणून गावात थोडे नर तरी राखा. एकाच घराचे नकोत, वेगवेगळ्या वाड्यांवरचे.

---

मांडवीकाठ · ७ जुलै, दुपारी १२.१८

झाडांनाही सगोत्र चालत नाही तर!

---

फळ्यावरचा_खडू · ७ जुलै, संध्याकाळी ६.४०

निवृत्त गणित शिक्षक. बीजांकुर यांचा हिशेब वाचून मी सरांच्या मूळ मुद्द्याचा, म्हणजे किती झाडांखालून बी घ्यावं याचा, साध्या संभाव्यतेने हिशेब मांडून पाहिला.

रानात जनुकाचं एखादं दुर्मीळ रूप ५ टक्के प्रमाणात आहे असं धरा. प्रत्येक झाडात जनुकाच्या दोन प्रती. मी एकमेकांशी नातं नसलेल्या ५ झाडांचं बी गोळा केलं, तर त्या माझ्या मातृवृक्षांत १० प्रती. ते रूप त्यांत एकदाही नसण्याची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.६०. पाच झाडांवर थांबलो तर ते रूप हातातून निसटण्याचीच शक्यता जास्त. परागातून थोडंफार येईल, पण त्यावर विसंबता येत नाही.

आता ३० झाडं घ्या. ६० प्रती. ०.९५चा साठावा घात साधारण ०.०४६. म्हणजे ते रूप हाती लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर.

एका झाडाखालून पोतंभर बी भरलं काय आणि मूठभर भरलं काय, आईकडच्या या हिशेबात फरक नाही. झाडांची संख्या वाढली तरच फरक.

---

रानवाट · ७ जुलै, रात्री ८.१५

मास्तर, हे मी शाळेच्या फळ्यावर लिहून येणार आहे. रोपवाटिकेचे कामगार सोयीचं असतं म्हणून रस्त्याकडेच्या एक-दोन लदबदलेल्या झाडांखालून बी गोळा करतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच, पैसे किलोवर मिळतात. नियम बदलायचा तर पैसे झाडांच्या संख्येवर द्यावे लागतील.

---

चोर्ला_घाट · ७ जुलै, रात्री ९.००

सहमत. एक भर घालतो. ती तीस झाडं एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटर तरी दूर हवीत. शेजारची झाडं बहुधा एकाच आईची पोरं असतात, त्यांना वेगळं मोजलं तर मास्तरांचं गणित कोसळतं.

---

निरंकारवाट · ८ जुलै, सकाळी ७.५०

मला देवराईकडे वळायचंय. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे. गोड्या पाण्याची दलदल, जायफळाच्या कुळातली झाडं, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. केरळात १९६०च्या सुमारास अशा दलदलींचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, आपल्याकडची त्यांच्या पट्ट्याच्या उत्तर टोकाजवळची. अशा रायीत किती झाडं? आणि जवळची दुसरी दलदल किती लांब? ही झाडं नर-मादी वेगवेगळी, बिया मोठ्या, त्या नेणारे धनेशासारखे मोठे पक्षी. धनेश कमी झाले तर बी आईखालीच पडणार आणि भावंडांचीच गर्दी होणार.

माझी भीती वेगळीच आहे. राय आज दाट दिसते म्हणून सगळे निर्धास्त आहेत.

---

बीजांकुर · ८ जुलै, सकाळी १०.३०

निरंकारवाट, तुमची भीती अगदी रास्त आहे. आज उभी असलेली मोठी झाडं रान सलग होतं त्या काळातली. त्यांच्यात जुनी विविधता जशीच्या तशी सापडते. रान तुटल्याचा परिणाम दिसतो तो नंतर आलेल्या रोपांत. कोडगूत कॉफीच्या मळ्यांमधल्या देवराया आणि त्यांतली पांढऱ्या देवदाराची झाडं यांवर सविस्तर काम झालंय. तिथे पराग लांबवर जातात हे दिसलं, आणि मोठी झाडं व रोपटी यांचं जनुकीय चित्र सारखं नाही हेही दिसलं. म्हणून एखाद्या रायीची तब्येत बघायची तर मान वर करून बघू नका, जमिनीवरची रोपटी तपासा.

आणखी एक. जायफळाच्या कुळातल्या या बिया, तसंच कोकम, जांभूळ, आंबा, फणस यांच्या बिया वाळवून थंडीत ठेवता येत नाहीत, मरतात. सागाचं बी साठवता येतं. २०१८ साली कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्षप्रजनन संस्थेने सागाच्या जीनोमचा आराखडा प्रसिद्ध केला, तो कधीही उघडून वाचता येईल. पण निरंकाराच्या रायीतलं बी कुठल्याही बँकेत ठेवता येत नाही. ते त्या झाडांतच राहणार किंवा जाणार.

---

डिचोलीकर · ८ जुलै, सकाळी ११.१५

हे वाचून माझं मत थोडं हललंय, सांगायला हरकत नाही. डंपांवर अजूनही मी जगेल तेच लावा म्हणेन. पण आमच्या सुर्लच्या पूर्वतळी रायीला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालाय, आणि तिच्या भोवती खाणींचे ढीग. त्या ढिगांवर रायीतल्याच झाडांची बी हळूहळू का लावू नये? रायीला शेजार मिळेल.

---

निरंकारवाट · ८ जुलै, सकाळी ११.२०

लावा! मी येतो मदतीला.

---

मोलेची_माणसं · ८ जुलै, दुपारी ३.४५

इथे गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्याचा विषय निघायला हवा. २०२० साली रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांसाठी तिथलं रान तोडायची वेळ आली तेव्हा आम्हाला सतत सांगितलं जायचं की एवढी झाडं कापली तर त्याच्या कितीतरी पट दुसरीकडे लावू. वन्यजीव मंडळाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली मंजुरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तो मोठा दिलासा. पण 'भरपाई लागवड' हा शब्द तसाच राहिला. या धाग्यावरून मला पहिल्यांदा नीट सांगता येतंय की त्यात काय खटकतं. मोलेतल्या रानात शेकडो वर्षांच्या निवडीतून आलेली, एकमेकांशी पराग देत-घेत असलेली झाडं आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या तालुक्यात एकाच रोपवाटिकेतली, मोजक्या झाडांची पोरं लावली तर आकडा भरतो, बाकी काही भरत नाही.

---

पणजीतला_अभियंता · ८ जुलै, संध्याकाळी ५.१०

मी पुन्हा उलटा प्रश्न विचारतो, राग नसावा. हवामानच बदलतंय. पाऊस लहरी, उन्हाळा लांबतोय. मग 'स्थानिक तेच उत्तम' हे उद्या खरं राहील का? कदाचित तो कोरड्या बाजूचा ऐनच उद्या वाळपईत टिकेल.

---

बीजांकुर · ८ जुलै, रात्री ९.३०

राग कशाला, जगभर आज याच प्रश्नावर वाद चालू आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २०१८ साली बियाणं कुठून कुठे न्यावं याचे नियम बदलले. आता ते नुसतं अंतर आणि उंची बघत नाहीत, पुढचं हवामान कसं असेल ते बघून बी निवडतात. पण त्यांच्याकडे कित्येक दशकांचे शेजारी-शेजारी वाफ्यांचे निकाल आहेत. ते हाती नसताना आपण बाहेरचं बी सरसकट आणलं, तर जे पारखलं नाही त्यावर रान लावतोय.

माझं मत विचाराल तर बहुतांश बी जवळच्या रानातलं, भरपूर मातृवृक्षांचं. त्यात थोडा वाटा थोड्या कोरड्या, पण जवळच्याच भागातला, तोही वेगळा खूण करून आणि लिहून ठेवून. जिथे राय आहे तिच्या आसपास मात्र बाहेरचं अजिबात नको. तिथे एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही.

---

चोर्ला_घाट · ८ जुलै, रात्री ९.५२

'लिहून ठेवून' हे तर सगळ्यात आधी. पोलीपिशवीवर नुसतं 'किंदळ' नको. गाव, रान, बी वेचल्याचा महिना, किती झाडांखालचं. चार ओळींची वही पुरे.

---

रानवाट · ९ जुलै, सकाळी ८.००

सगळ्यांचा फार ऋणी आहे. मी विचारलं होतं की फरक पडतो का. बीजांकुर आणि चोर्ला_घाट यांच्यामुळे आता पंचायतीत ठामपणे बोलता येईल.

आज सकाळीच सरपंचांना भेटलो. यंदाची रोपं आलीच आहेत, ती शाळेच्या मैदानाकडेला आणि रस्त्याकडेला लावू, रायीजवळ नाही. पुढच्या वर्षासाठी गावातच छोटी रोपवाटिका करायला ते तयार आहेत. बचत गटाच्या बायकांना बी गोळा करायचे पैसे झाडामागे द्यायचे, किलोमागे नाही, हेही त्यांनी मान्य केलं. अडचण एकच. तीस मातृवृक्ष नेमके कुठले ते आधी ठरवून खुणा करायला हव्यात, आणि रानातलं बी घ्यायला वनखात्याची परवानगी लागेल.

---

भिरंडसोल · ९ जुलै, सकाळी ९.२५

सर, भिरंडांची सुरुवात रानात नको, परसांत करा, परवानगीचा प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं, प्रत्येक घरातून पाच-दहा बिया घ्यायच्या. सोलं काढल्यावर बिया तशाही बाजूला पडतात. फक्त वाळवू नका, धुऊन लगेच पेरा. काणकोणच्या बिया मागू नका हं, तुमच्याच वाड्यावरच्या घ्या.

---

फळ्यावरचा_खडू · ९ जुलै, सकाळी १०.०५

वाड्यावर तीस घरं नसली तर शेजारचा वाडा धरा. आणि घराचं नाव वहीत लिहा, म्हणजे एकाच झाडाची बी दोन घरांतून दोनदा मोजली जाणार नाही.

---

चोर्ला_घाट · ९ जुलै, सकाळी १०.३०

परवानगीच्या अर्जाचा मसुदा मी लिहितो, शनिवारपर्यंत इथेच टाकतो. ऐनाच्या दोन वाफ्यांची जागाही त्याच दिवशी मोजू. अभियंता साहेब, टेप घेऊन या.